वास बदलला की थांबायचं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची परवानगी न मिळाल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण आठही अंगांनी घातला आहे, यावर विश्वास ठेव.) पत्र कशासाठी लिहितोय ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू उरलेलं वाचणार नाहीस, आणि उरलेलं लिहायला मला फार कष्ट पडलेत.

तू बरी असशील. भाऊजीही बरे असतील, आणि नसतील तर त्याचं कारण त्यांच्या ताटात सापडेल, त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. तुझ्या नाकाची चौकशी करत नाही. मागे फोनवर केली तेव्हा ‘नाक आहे जागच्या जागी’ असं म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून तो विषय मी वर्ज्य मानलाय. (या पत्रात तो येणार आहे, पण चौकशी म्हणून नाही.) इकडे आम्ही दोघं ठणठणीत. माझी तब्येत तर या वयात लोकांची नजर लागावी इतकी छान आहे. तक्रार एवढीच, की हल्ली दिवे बनवणारे कामचुकार झालेत. संध्याकाळी दुकानातून परत येताना बघतो, तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती कापूस पिंजून ठेवल्यासारखं वलय. आणि हिने धुण्याची पावडर बदलल्यापासून माझे सगळे पांढरे शर्ट पिवळट पडलेत. ही म्हणते पावडर तीच आहे आणि शर्ट पांढरेशुभ्र आहेत. असो. संसारात प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा नसतो, काही गोष्टी पत्रात लिहायला राखून ठेवायच्या असतात.

तर तुझा बिडाचा तवा पोचला. भाऊजींनी तो तुझ्या एप्रनमध्ये गुंडाळून आणला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर असा आदळला, की साखरेचं भांडं जागचं हललं. मला वाटलं गंज काढायला पाठवला असशील. म्हणून मी म्हटलं, रविवारपर्यंत देतो चकाचक करून. त्यावर भाऊजींनी चहाचा कप बशीत ठेवला. मग म्हणाले, घाई नाही, तिने कायमचाच दिलाय. ताई, तुझा नवरा काय बोलला हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या तापानंतर तुझा वास गेला, वासामागोमाग चव गेली, हे मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले येईल किंवा येणारही नाही, हेही माहीत होतं. (असं बोलायला डॉक्टर कशाला लागतो, हवामान खातंही तेवढं सांगतं.) पण तू स्वयंपाकघरच आवरून ठेवलंयस, घरात उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी आणि पाव एवढंच असतं, आणि विचारलं तर म्हणतेस की मला सगळं सारखंच, हे मला माहीत नव्हतं. भाऊजी तक्रार करणारे नव्हेत. त्यांनी जन्मात एकदाच तक्रार केली होती, लग्नाच्या दिवशी बूट चावतो म्हणून. पण हिने त्यांच्यापुढे सकाळची उरलेली भाजी ठेवली, तेव्हा त्यांनी ती ज्या नजरेने पाहिली, ती नजर बघून ही उठून आत गेली आणि दोन अंडी जास्त फोडून आली.

मला फार राग आला. सरळच सांगतो. माणूस गेल्यावर त्याचे कपडे वाटतात तसा तू तवा वाटलास, आणि तेही स्वतः धडधाकट घरात बसून. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचीस ते बंद केलंस, तेव्हा मी म्हटलं, अशक्तपणा असेल. पण हा अशक्तपणा नव्हे. याला आमच्या रंगाच्या धंद्यात डबा बंद करून झाकणावर हातोडी मारणं म्हणतात. मी त्याच टेबलावर बसून ठरवलं, की याच तव्यावर तू करायचीस तो स्टेक मी स्वतः करणार. हुबेहूब तुझ्या चवीचा करणार. आणि मग तव्यासकट तुझ्या दारात उभा राहून म्हणणार… काय म्हणणार ते तेव्हा ठरलं नव्हतं, पण मोठ्या आवाजात म्हणणार होतो हे नक्की.

आता तुझ्या स्टेकमध्ये मांस, तवा आणि आच ही सगळ्यांच्याच घरी असतात. खरी करामत त्या भिजवणीची. (जग तिला मॅरिनेड म्हणतं. तू शिवणकामाच्या मशीनवर बसल्या बसल्या ‘भिजवण’ म्हणालीस आणि आमच्या घरात तोच शब्द चालू झाला, पाहुण्यांनाही चालवून घ्यावा लागतो.) ती कशी करायची, हे मी तुला पूर्वी एकदा विचारलं होतं. तू सांगितलंस: तेल, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, भरडलेली मिरी, मोहरीची पूड, सोया सॉस आणि करपवलेली साखर. किती घालायचं? पुरेल इतकं. मग मंद आचेवर ठेवायचं. किती वेळ? वास बदलला की थांबायचं. कशाचा वास, बदलून कसला होतो? तो झाला की कळतो. मग गार करून त्यात मांस बुडवायचं. तेही किती वेळ? अंगठा ऐकू लागेपर्यंत. ताई, तू गिऱ्हाइकांचे ब्लाउज असेच शिवत असशील तर ते तुला मारत कसे नाहीत? पण मापं तेवढी तू चोख घेतेस, पट्टी गळ्यात असते. स्वयंपाकाचं मात्र सगळं तुझ्या नाकात होतं. आणि तेच गेलं, तेव्हा कृतीही गेली, हा हिशेब मला तेव्हा कुठे कळला होता.

नाक्यावरच्या खाटकाकडे गेलो. तुझी चौकशी केली त्याने. म्हणाला, बाई हल्ली दिसत नाहीत. मी म्हटलं, मजेत आहेत. (पत्रात एवढं एक खोटं आधीच कबूल करतो, पुढची ओघाने येतील.) तुझा त्याला अजून धाक आहे. तू मांसावर अंगठा दाबायचीस, मग नुसतं त्याच्या तोंडाकडे बघायचीस, आणि तो निमूटपणे तो तुकडा उचलून आतून दुसरा आणायचा. मी म्हटलं आपणही तसंच करावं, घराण्याचं नाव आहे. अंगठा दाबला आणि त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याने विचारलं, काही हरवलंय का? त्यावर मी गडबडून जो समोर होता तो तुकडा घेतला. दया येऊन त्याने एक सल्ला फुकट दिला: कच्ची पपई किसून चोळा, लोण्यासारखं मऊ होतं. मी घरी येऊन मोठ्या मनाने अख्खी पपई किसली, आणि मांस त्यात झोपवून दुकानात गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर लोण्यासारखं म्हणजे लोणीच झालं होतं. उचलायला चिमटा घातला तर चिमट्याच्या दोन्ही बाजूंनी निसटलं. तव्यावर टाकल्यावर त्याला कडा उरल्या नाहीत. आम्ही ते चमच्याने खाल्लं. ही म्हणाली, कृती जपून ठेवा, दात गेल्यावर उपयोगी पडेल.

दात जाण्याची सोय मी पुढच्याच प्रयोगात केली. पपई अति झाली म्हणून या खेपेला सगळी भिस्त व्हिनेगरवर ठेवली. आंबट असलं की मुरतं, अशी माझी समजूत. सकाळी बुडवलं. त्या दिवशी मालकांनी गोदाम आवरायला काढलं, त्यामुळे उशीर झाला. घरी आलो तर मांस आंघोळ करून थंडीने कुडकुडल्यासारखं आक्रसून बसलेलं. ही म्हणाली करडं पडलंय. मला ते तपकिरी वाटलं, पण तो भाग पुढे येईल. भाजलं, कापलं, खाल्लं, म्हणजे खायला सुरुवात केली. बराच वेळ जेवणाच्या टेबलावर कुणीच बोललं नाही. बोलायला तोंड मोकळं हवं ना! मध्येच काहीतरी कडक लागलं, मी म्हटलं मिरी असेल आणि गिळणार तेवढ्यात लक्षात आलं, की ती माझ्या दाढेची टोपी आहे. दाताच्या डॉक्टरने विचारलं, काय खात होता? मी म्हटलं, बहिणीची आठवण. तो हसला नाही. त्या लोकांना विनोद कळत नाही, किंवा तोंड उघडं ठेवलेल्या माणसाचा विनोद त्यांना ऐकू येत नाही.

मग मात्र मी ठरवलं, की आता परक्यांच्या कलेत लुडबुड बंद. आपण रंगवाले, आपल्या पद्धतीने जाऊ. तुला माहीतच आहे, मी आयुष्यभर दुकानात बसून शेड जुळवतोय. लोक भिंतीचा खपला घेऊन येतात, सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणतात, एक बाई तर नवऱ्याचा मोजा घेऊन आल्या होत्या आणि म्हणाल्या दिवाणखाना असा हवा. पांढऱ्या बेसमध्ये थोडा पिवळा, थोडा काळा, कणभर लाल असं घालत जायचं, डब्याच्या झाकणावर एक ठिपका द्यायचा, तो वाळू द्यायचा (ओला रंग लबाड असतो, वाळला की खरं बोलतो), आणि नमुन्याशेजारी धरायचा. दोन्ही एक दिसले की झालं. आता मशीन आलंय, पण जुन्या भिंतीला ठिगळ लावायचं असलं की अजून मलाच बोलावतात. आणि ही विद्या आली कुठून? तूच कापडाचा कपटा माझ्या मुठीत कोंबून मला दोरा आणायला पाठवायचीस. मी रीळ आणलं की दारात उजेडाला धरायचीस आणि म्हणायचीस, हा नाही, परत जा. चाळीतले लोक मला ‘परत जा’ म्हणूनच हाक मारत. पण त्या हेलपाट्यांतून नजर तयार झाली आणि त्या नजरेवर माझं घर चाललं. आई रांगोळीच्या ठिपक्यांचे रंग माझ्याकडून निवडून घ्यायची आणि तू मला ‘ठिपक्या’ म्हणायचीस, तेव्हा रडायचो. आता कुणी म्हणत नाही तर चुकल्यासारखं होतं.

तर नमुना कुठला? तुझा एप्रन! त्याच्या खिशाच्या वरच्या बाजूला एक मोठा जुना डाग आहे, गडद, लालसर तपकिरी. वर्षानुवर्षं भिजवण उडून उडून तिथे मुरलेली. म्हणजे तुझी कृती कापडावर उतरून माझ्या घरी आली होती आणि मी वेड्यासारखा पपई किसत होतो. रंग हुबेहूब आला की प्रमाण आपोआप आलं, हा आमच्या धंद्यातला साधा न्याय. मी हिची एक जुनी पांढरी उशीची खोळ घेतली (‘जुनी’ हा शब्द वादग्रस्त आहे), ओट्यावर भांडी मांडली आणि कामाला लागलो. सोया सॉस घातला, ठिपका दिला, वाळवला, एप्रनशेजारी धरला. फिका. साखर जास्त करपवली. काळपट झाला, पण लाल कमी. लाल कुठून आणायचा? दुकानात असतो तर थेंब टाकला असता. इथे घरात शोधता शोधता बीट सापडलं. त्याचा रस काढून थोडा घातला, मग थोडा, मग आणखी. खिडकीच्या उजेडात दोन्ही धरले आणि ताई, तुला सांगतो, डाव्या हाताला कळेना उजव्या हातात कुठला डाग आहे. इतका तंतोतंत! मी हिला हाक मारली. हिने खोळ बघितली, एप्रन बघितला, आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाली, हे जांभळं आहे. मी म्हटलं उजेडाचा दोष. ती म्हणाली, दुपार आहे. मी म्हटलं तू या धंद्यात नाहीस. तिने खोळ माझ्या हातातून काढून घेतली आणि साबणात भिजत टाकली.

पण मी हट्टाने ती भिजवण मंद आचेवर ठेवली. खिडकी लावून घेतली, की वास कुठे पळून जाऊ नये. सुरुवातीला व्हिनेगर नाकात चढलं, डोळ्यांतून पाणी आलं. मग कच्च्या लसणाचा उग्र वास. मी ढवळत राहिलो. आणि मग, ताई, तो बदलला. कसा ते मलाही सांगता येणार नाही, तुझं बरोबर होतं. लसणाचा लसूणपणा गेला, व्हिनेगरचा डंख गेला, आणि त्या दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी झालं, आणि ते तिसरं म्हणजे तुझं घर होतं. तुझ्या जिन्याच्या पहिल्या वळणावर जो वास येतो, तो. शिवणमशीनवर बसलेली तू, ‘हात धुऊन या’ म्हणणारी, आणि भाऊजी पेपरची घडी करत उठतायत, तो. मी गॅस बंद केला आणि डाव हातात धरून तसाच उभा राहिलो. मला रडू आलं. (व्हिनेगर तेव्हा निघून गेलं होतं, त्याच्यावर ढकलता येणार नाही.)

तोपर्यंत मला वाटत होतं, तुझं काहीतरी लहानसं हरवलंय. छत्री हरवते तसं. नातेवाईकही असंच म्हणत होते ना: तेवढं काय मनाला लावून घ्यायचं, डोळे-कान शाबूत आहेत, हातपाय चालतायत. मी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण ते म्हणत होते तेव्हा मान हलवली नसेन असंही नाही. त्या भांड्यासमोर उभं राहून पहिल्यांदा कळलं, की तुझं नाक गेलं म्हणजे तुझ्या घराचा जिनाच गेला. तू वर चढतेस, दार उघडतेस, आणि घर तुला ओळखच देत नाही. मग तू तवा काढून टाकलास यात नवल काय? रोज एखादं माणूस समोर बसून आपल्याशी बोलेनासं झालं, तर मीही त्याची खुर्ची उचलून दुसऱ्याच्या घरी पाठवली असती. तुझ्यावर केलेला राग मी त्याच क्षणी मागे घेतला. तो घेतल्याचं तुला कळवायचं राहिलं होतं, ते आता कळवतो.

पुढचं थोडक्यात. भिजवण गार केली, मांस बुडवलं, अंगठा ऐकू लागेपर्यंत म्हणजे काय ते न कळल्यामुळे अधूनमधून जाऊन अंगठ्याने विचारत राहिलो. तवा तापवला. तव्यावर मांस टाकल्यावर जो आवाज आला तो तुझ्याच तव्याचा, दुसऱ्या कुठल्या तव्याला तो गळा नाही. मात्र भाजताना वाद झाला. मला वाटलं चांगलं तांबूस झालंय, काढावं. ही म्हणाली अजून कच्चं आहे. मी ऐकलं नाही, काढलं. कापलं तर आत लाल. मला ते लाल दिसेना, ही मला बोट लावून दाखवत होती. परत टाकलं, या खेपेला मी चिडून जास्त ठेवलं, तर एक बाजू कोळसा. तरीपण मधला भाग कापून मी हिच्या ताटात वाढला. हिने घास घेतला. मग म्हणाली, वन्सं आल्यासारखं वाटलं. एवढंच. आम्ही बाकीचं जेवण संपवलं. दोघांनीही तुझ्या खुर्चीकडे बघितलं, पण वेगवेगळ्या वेळी, म्हणजे एकमेकांना कळू नये अशा बेताने.

तात्पर्य, तुझी भिजवण मला साधली आहे. आता तू आली नाहीस तरी आमचं काही अडणार नाही. तवा मी ठेवून घेतो, त्याची काळजी नसावी. तुला त्रास देण्याचा आमचा मुळीच विचार नाही, तू आपली स्वस्थ बस, बटाटे उकड. भाऊजींना मात्र रविवारी इकडे पाठवत जा, निदान त्यांच्या गालफडांसाठी. वडीलधारी म्हणून आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
ठिपक्या

ता. क. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं लिहिलं नाही तर मी पोस्टात टाकणार नाही. म्हणून दुरुस्ती करतो. भिजवण जांभळीच होती. ही ती वाटीत घालून वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवून आली, त्याही जांभळी म्हणाल्या, आणि त्या संगीत शिकवतात, त्यांना आमच्या भांडणात काही स्वार्थ नाही. आणखी एक. काल भाऊजी येऊन गेले. एप्रनचा डाग मी त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, हा माझ्या बुटाच्या पॉलिशचा आहे. ताई, तुझा एप्रन ते बूट पुसायला वापरत आणि तुला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी इतका खटाटोप करून स्टेक जुळवला तो बुटाशी, आणि तोही चुकीचा जुळवला. (एप्रनचं मी तुला सांगितलं हे भाऊजींना सांगू नकोस.)

ता. क. दुसरा. आता खरं कारण. मागच्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या खोलीसाठी मी सायीच्या रंगाची शेड जुळवून दिली. चार भिंती रंगवून झाल्यावर ते मालकांना घेऊन गेले. खोली फिकट जांभळी झाली होती. मालक मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, काही दिवस तुम्ही ब्रश आणि पॉलिश पेपरचा काउंटर बघा. बोलले असते तर बरं झालं असतं. मग दिव्यांची वलयं आणि पिवळे शर्ट यांची जोड लावून हिनेच मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. पुढच्या आठवड्यात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे, हल्ली कुणीही करून घेतं. भेटेल तो सांगतो, तेवढं काय, कान-नाक शाबूत आहेत ना! मला भीती वाटते, ताई. दुसरा माणूस आंधळा होण्याला भितो. मी भितो ते याला, की पट्टी निघाल्यावर मी कपटा हातात घेईन आणि मला समोरची दोन रिळं सारखीच दिसतील. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. ती सुई बघितली की चक्कर येऊन पडते, म्हणजे दवाखान्यात तिलाच धरायला माणूस लागणार. तू ये. आत जाताना माझा हात धर, आणि पट्टी निघाली की पहिलं रीळ तूच माझ्यापुढे धर. चुकलो तर ‘परत जा’ म्हण. तुझ्या तोंडून ऐकलं तर चालेल मला.

आणि थोडी आधीच ये. भिजवण आचेवर ठेवून मी वास घेतो, बदलला की तुला सांगतो. मांस लाल आहे की तांबूस झालंय ते तू बघ, अंगठाही तूच दाब, मी आयुष्यात ते शिकणार नाही. तुझ्या जिभेला काही लागणार नाही हे मला कळतंय. पण कुणाचा तरी घास घेताना चेहरा कसा होतो ते तर तुला दिसेल. भाऊजींचा बघ. तवा इथेच आहे. एप्रन मी धुतलेला नाही.

ता. क. शेवटचा. हे सगळं मी काळ्या शाईने लिहिलंय, अशी माझी समजूत आहे. निळी असेल तर पत्राने कळवू नकोस. आल्यावर सांग.